भोंगेसाहेबांची बोलकी हेल्मेटे

भोंगेसाहेब बायकोला पेट्रोल पंपावर विसरून गेले, असे जे सगळीकडे सांगितले जाते ते साफ खोटे आहे. विसरणे म्हणजे एखादी गोष्ट डोक्यातून जाणे. पंपावरून निघताना बायको मागे बसली आहे याबद्दल भोंगेसाहेबांच्या डोक्यात काडीचीही शंका नव्हती. बायको मात्र हवा भरायच्या यंत्रापाशी वाकून चपलेचा पट्टा नीट करत होती. माणूस वर बघतो आणि आपला नवरा आपल्या मोटारसायकलवरून वळणाआड जाताना दिसतो, यात नवऱ्याची चूक नेमकी किती आणि पट्ट्याची किती, हे ठरवणे अवघड आहे. निदान भोंगेसाहेबांना तसे वाटते.

पण पुढचे त्यांनाही नाकारता येत नाही. उरलेला सगळा रस्ता ते मागच्या रिकाम्या सीटशी डेपो मॅनेजरच्या कारभाराबद्दल बोलत गेले. मध्येच "बरोबर आहे की नाही?" असे विचारलेसुद्धा. उत्तर आले नाही, तेव्हा बायकोला आपले पटले असे समजून ते मनातून सुखावले. मेहुणीच्या दारात गाडी लावून त्यांनी फाटकाची कडी वाजवली आणि मोठ्या उत्साहाने सांगितले, "ताई, आलो बरं का आम्ही."

ताईंनी त्यांच्या मागे पाहिले, बाजूला पाहिले, रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिले.

"आम्ही म्हणजे कोण कोण?" त्यांनी विचारले.

बायको पुढच्या बसने आली. सगळी इमारत त्यांना काकू म्हणते, म्हणून आपणही काकूच म्हणू. काकू आरडाओरडा करणाऱ्यांपैकी नाहीत. त्यांनी पाय धुतले, चहा घेतला, ताईंच्या गुडघ्याची चौकशी केली आणि परतताना सरळ बस पकडली. घरी आल्यावर भोंगेसाहेबांनी वाऱ्याची बाजू मांडली. हेल्मेट, त्यात सुटलेला वारा, त्यात इंजिनाची घरघर. माणसाला मागचे ऐकू येणार कसे? काकूंनी शांतपणे ऐकून घेतले.

"वाऱ्यामुळं माझं बोलणं ऐकू आलं नाही, हे मान्य," त्या म्हणाल्या. "पण मी नव्हते, तेही कळलं नाही?"

तेव्हापासून काकू मोटारसायकलवर बसायच्या बंद झाल्या. दर शनिवारी ताईंकडे जायचा नेम मात्र मोडला नाही. नवऱ्याची ड्युटी सुटायची वाट न बघता त्या दुपारच्या बसने जाऊ लागल्या.

आता बायको बसने जाते म्हणून कुणा नवऱ्याचे नाक कापले जात नाही. पण भोंगेसाहेब त्याच बस डेपोत निवेदक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा आहे, कुणाचे मूल हरवले आहे, हे चौकशीच्या खिडकीमागे बसून माईकवरून सांगणे हे त्यांचे काम. आवाज असा, की रागावून भांडायला आलेले प्रवासीही तो ऐकून आपापली पिशवी उचलून रांगेत जात. डेपोतल्या लोकांनी त्यांना भोंगेसाहेब हे नाव ठेवले होते. त्यातल्या 'भोंग्या'कडे कानाडोळा करून ते 'साहेब' तेवढे कानात साठवून घेत. कामाची सवय अंगात इतकी मुरली होती, की माईक तोंडासमोर आला की त्यांची पाठ ताठ होई, आवाज मऊ होई आणि प्रत्येक वाक्य ते दोनदा म्हणत.

तेव्हा दर शनिवारी दुपारी त्यांच्यावर प्रसंग यायचा तो असा. समोरच्या बाकावर स्वतःची बायको पिशवी घेऊन बसलेली, आणि तिला आपल्यापासून दूर नेणारी बस फलाटावर लागल्याची गोड बातमी जगाला द्यायची, तीही दोनदा. चालक मंडळी गालातल्या गालात हसत. एका वाहकाने तर खिडकीशी येऊन विचारले, की साहेबांच्या घरच्या प्रवाशासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवू का. भोंगेसाहेबांनी माईक ओढून पुढची गाडी पुकारली. ड्युटी सुटली की ते एकटेच मोटारसायकलवरून घरी जात. मागची सीट रिकामी आहे हे आता त्यांना प्रत्येक खड्ड्यात कळत होते. त्यांना वाईट वाटत होते. काहीही करून काकू पुन्हा मागे बसायला हव्यात, एवढेच त्यांच्या मनात होते. पण तसे सरळ जाऊन म्हणावे, हे काही त्यांना सुचले नाही.

सुचले ते वरच्या मजल्यावरच्या विमेवाल्यांना. विमेवाले हे गृहस्थ दुसऱ्याच्या घरातली अडचण जिन्यातूनच हुंगतात. त्यांनी निदान केले, की हा सगळा संपर्काचा प्रश्न आहे. हल्ली हेल्मेटात बसवायचे बिनतारी यंत्र मिळते. चालवणाऱ्याच्या हेल्मेटात एक, मागच्याच्या हेल्मेटात एक. वारा असो, वादळ असो, दोघांचे बोलणे एकमेकांच्या कानात. फोन घ्या, गाणी ऐका. आपला पुतण्या तर म्हणे हेल्मेटातूनच नोकरीची मुलाखत देऊन आला. नोकरी मिळाली का, या प्रश्नाला विमेवाल्यांनी बगल दिली.

भोंगेसाहेबांना हा उपाय फार पटला. सगळा दोष वाऱ्याचा आहे असे ते पहिल्यापासून सांगत होते. आता वाराच मधून काढून टाकला की भांडणाचे मूळच उरणार नव्हते. विज्ञानाने आपली बाजू घेतली असे त्यांना वाटले. खाली राहणाऱ्या दंतवैद्यबाईंनी जबड्यावर ताण येईल म्हणून घट्ट हेल्मेट घेऊ नका असे सांगितले, विमेवाल्यांनी सैल हेल्मेट म्हणजे मृत्यूला आमंत्रण असे सांगितले, आणि दोघांचे ऐकून भोंगेसाहेबांनी स्वतःसाठी एक घट्ट आणि काकूंसाठी एक सैल असा मध्यममार्ग काढला.

दुकानदाराने यंत्रे बसवून दिली. हेल्मेटाच्या डाव्या बाजूला तीन गुंड्या, तिन्ही सारख्या. कुठली कशाची हे त्याने फार भराभर सांगितले. भोंगेसाहेबांची चिंता वेगळीच होती. काकू गुंडी दाबणार नाहीत. रागावलेले माणूस स्वतः होऊन गुंडी दाबत नसते. तेव्हा गुंडी न दाबताच बोलणे सुरू होईल अशी काही सोय आहे का? दुकानदार म्हणाला, आहे की. दोन्ही हेल्मेटे डोक्यावर चढली आणि जवळपास आली की आपोआप एकमेकांना जोडली जातील, अशी त्याने व्यवस्था करून दिली. मध्येच फोन चालू असला तरी, हेही त्याने वर सांगितले. भोंगेसाहेबांनी ते ऐकले आणि सोडून दिले. 'आपोआप' या शब्दावर ते इतके खूष झाले होते, की पुढचे त्यांच्या कानात शिरलेच नाही.

काकूंनी हेल्मेट हातात घेऊन उलटसुलट पाहिले, छान आहे म्हणाल्या आणि कपाटावर ठेवून दिले.

आता यंत्र चालते हे सिद्ध करायला मागे कुणीतरी बसायला हवे. विमेवाले एका पायावर तयार झाले. भोंगेसाहेबांनी त्यांना मागे घेऊन गावाबाहेरच्या रस्त्याला एक चक्कर मारली. ती चक्कर ते जन्मात विसरणार नाहीत. यंत्र अप्रतिम होते. वाऱ्याचा मागमूस नाही, आणि विमेवाले थेट मेंदूत बसल्यासारखे. जिन्यात निदान दार लावून घेता येते. इथे दोन्ही हात हँडलला, डोके हेल्मेटात घट्ट, आणि आत एक माणूस अपघाती मृत्यूचे प्रकार एकामागून एक समजावून सांगतो आहे. तेही समोरून ट्रक येत असताना. परत येईपर्यंत भोंगेसाहेबांनी एक पॉलिसी घ्यायचे कबूल केले होते.

विमेवाल्यांचीही तक्रार होतीच. ती त्यांनी जिन्यात उभे राहून काकूंना ऐकवली. यंत्र ठीक आहे, पण तुमचे हे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. "पुढं गतिरोधक आहे, कृपया सावध राहावे" हे दोनदा. गतिरोधक गेल्यावर झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी, तीही दोनदा. आणि खाली उतरलो तर म्हणाले, आपला प्रवास सुखाचा होवो. जिना चढायला. काकूंनी तोंडावर हात दाबून धरला. विमेवाल्यांना कृपया म्हणाले हे, असे काहीसे त्या पुटपुटल्या आणि आत गेल्या. भोंगेसाहेबांना वाटले, हसल्या म्हणजे राग उतरला. त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी पुसून दारात आणली. काकू पिशवी घेऊन त्यांच्याच शेजारून बस थांब्याकडे निघून गेल्या.

पण हेल्मेट कपाटावर फार दिवस राहिले नाही. काकूंनी त्याला वेगळाच उपयोग शोधून काढला. ते फोनला जोडता येते हे त्यांनी एकदा सहज करून पाहिले, आणि त्यांना ते भयंकर आवडले. ताईंचा आवाज दोन्ही कानात स्वच्छ, आणि हात मोकळे. मग काय, काकू हेल्मेट घालून भांडी घासू लागल्या, कपडे वाळत घालू लागल्या, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालू लागल्या. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी बरेच दिवस पाहिले आणि शेवटी एकीने येऊन विचारले, की यांच्या घरात छताचे काही पडते का. काकूंनी तिलाही हेल्मेट घालून दाखवले. मोटारसायकलीसाठी आणलेली वस्तू घरात सगळीकडे फिरत होती, फक्त मोटारसायकल सोडून. भोंगेसाहेबांच्या मनाला हे फार लागले.

अशातच डेपोचा माईक गेला. आधी खरखरला, मग कुजबुजला, मग बसला. नवा माईक मिळावा म्हणून डेपो मॅनेजरने मुख्य कार्यालयाला पत्र लिहिले. मुख्य कार्यालयाचे उत्तर आले, की आमच्याकडे असलेल्या नोंदीनुसार आपल्या डेपोला माईक कधी दिलेलाच नाही, तेव्हा तो बिघडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मॅनेजरने पुन्हा लिहिले, की माईक दिलेला नसेल तर आता द्यावा. त्यावर विचारणा आली, की इतकी वर्षे माईकवाचून काम नीट चालले असताना आताच गरज का भासावी. भोंगेसाहेब खिडकीतून हाताचा कर्णा करून ओरडू लागले. दोन दिवसांत आवाज बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी लोक भलत्याच गाड्यांत बसून भलत्याच गावांना गेले.

डेपोचा वायरमन हा स्वतःला इंजिनिअर समजणारा माणूस. त्याने टेबलावरचे भोंगेसाहेबांचे हेल्मेट पाहिले आणि त्याचे डोळे चमकले. माईक म्हणजे माईक, तो काठीवर असो की हेल्मेटात. त्याने कुठूनशी एक छोटी डबी आणली, ती अॅम्प्लिफायरला खुपसली, काहीतरी दाबले, आणि भोंगेसाहेबांना हेल्मेट चढवून बोलायला सांगितले. भोंगेसाहेब बोलले आणि सगळा डेपो दणाणला. इतका स्वच्छ आवाज जुन्या माईकमधूनही कधी आला नव्हता.

"जे हेल्मेटात, ते डेपोत," वायरमन छाती फुगवून म्हणाला.

त्या दिवसापासून चौकशीच्या काचेमागे हेल्मेटधारी निवेदक दिसू लागला. नव्या प्रवाशांची तारांबळ उडे. आत बसलेल्या माणसाने डोक्याला संरक्षण घेतले आहे म्हटल्यावर वरून काहीतरी पडणार असे समजून बरेच जण छपराखालून सरकून उन्हात उभे राहत. एका आजोबांनी खिडकीशी येऊन विचारले, की इथे प्रवासी मारतात का. मॅनेजरने हेल्मेटाची काच वर ठेवा, निदान चेहरा दिसू द्या, अशी तोंडी सूचना केली. भोंगेसाहेबांनी हे सगळे नाक मुठीत धरून सोसले. घरी बायको हेल्मेटात, डेपोत आपण हेल्मेटात, आणि गाडीवर मात्र एकट्याच्याच डोक्यावर हेल्मेट. या संसाराचे काय होणार, हे त्यांना कळेना.

मग तो शनिवार आला. काकू नेहमीसारख्या पिशवी घेऊन समोरच्या बाकावर येऊन बसल्या. डेपोत गाड्यांचा, विक्रेत्यांचा, रडणाऱ्या पोरांचा गलका. तेवढ्यात ताईंचा फोन आला. गलक्यात ऐकू येईना, म्हणून काकूंनी पिशवीतून हेल्मेट काढले आणि शांतपणे डोक्यावर चढवले. काचेमागे भोंगेसाहेबांच्या डोक्यावर त्यांचे हेल्मेट होतेच. दोन्ही हेल्मेटे जवळपास होती. दुकानदाराने सांगितले होते तसे आपोआप झाले.

"हो गं ताई, बसलेय बाकावर," असा काकूंचा आवाज सगळ्या डेपोवरून घुमला.

भोंगेसाहेब दचकले. पहिल्यांदा त्यांना आवाज फक्त आपल्या कानात येतो आहे असे वाटले. मग खिडकीतून दिसले, की सगळे प्रवासी माना वर करून भोंग्यांकडे बघत आहेत. "नाही, अजून लागली नाही गाडी," भोंगे म्हणाले. "लागली की ते सांगतील ना."

भोंगेसाहेबांनी चाचपडत हेल्मेटावरची एक गुंडी दाबली. आवाज वाढला. घाईघाईने दुसरी दाबली. तो आणखी वाढला. हेल्मेट काढावे तर हनुवटीखालचा पट्टा घामाने घट्ट धरून बसलेला. बाहेर वायरमन दोन्ही हात हलवत काहीतरी सांगत होता, आणि मॅनेजर केबिनमधून धावत येत होता. एकट्या काकूंना काही पत्ता नव्हता, कारण त्यांच्या कानावर जाड गादी होती आणि आत ताई होत्या. भोंगेसाहेब अॅम्प्लिफायरचे बटण बंद करायला वाकले, तेवढ्यात भोंग्यांतून आले, "यांच्यामागं का नाही बसत म्हणून विचारतेस?"

त्यांचा हात तिथेच थांबला.

"राग कुठला गं. राग तेव्हाच गेला," काकू सांगत होत्या. ताई मध्ये काय म्हणत होत्या ते डेपोला ऐकू येत नव्हते. काकूंचा मात्र शब्दन् शब्द. "मला बस आवडते. ... आता तू हसशील. ... अगं, घरी काय असतं? चहा. टॉवेल कुठंय. दार लाव. झालं. गाडीवर मागं बसलं की नुसती पाठ. आणि इथं येऊन बसलं की वरून कसं मऊ बोलतात. कृपया म्हणतात, विनंती म्हणतात. इतक्या वर्षांत मला नाही कधी कृपया म्हणाले. ... शेवटी म्हणतात बघ, आपला प्रवास सुखाचा होवो. ते सगळ्यांसाठी असतं, कळतंय मला. पण मी आपलं ते माझ्यासाठीच आहे असं धरून गाडीत चढते. ... असू दे वेडी. एवढ्या तिकिटात तेवढं तरी ऐकायला मिळतं."

एका चालकाने आपणहून इंजिन बंद केले होते. मॅनेजर चौकशीच्या खोलीच्या दारात येऊन पोहोचला होता. त्याने फक्त टोपी काढून हातात घेतली. भोंगेसाहेबांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. लोकांनी ऐकले याची नव्हे. हजारो अनोळखी माणसांना रोज जे सढळ हाताने वाटले, त्यातले चिमूटभरही घरी नेले नाही, याची. आपल्याला वाटत होते मध्ये वारा आहे. वारा कधीच नव्हता, हे त्यांना आता कळले, आणि डोळ्यांत पाणी आले. हेल्मेटात डोळे पुसता येत नाहीत, म्हणून ते तसेच बसून राहिले.

शेवटी मॅनेजरने स्वतः त्यांच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला. गाड्यांचे मी बघतो, तुम्ही जा, असे तो म्हणाला. ड्युटीवर असताना खिडकी सोडण्याची भोंगेसाहेबांची ही पहिलीच वेळ. ते हेल्मेट काखेत घेऊन फलाटावर आले. लोकांनी वाट करून दिली. काकूंनी तोवर फोन संपवून हेल्मेट काढले होते, आणि सगळा डेपो आपल्याकडे इतक्या प्रेमाने का बघतो आहे हे त्यांना उमगत नव्हते.

"चल, सोडतो तुला," भोंगेसाहेब म्हणाले.

हा घरचा आवाज होता. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. एक वाहक हळूच खोकला.

"राहू दे. बस येईलच की आता," काकू म्हणाल्या.

भोंगेसाहेबांसमोर माईक नव्हता. माईक नसताना असे काही बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे शब्द फार हळू निघाले.

"कृपया," ते म्हणाले. "माझ्या मागं बसशील का?"

काकूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. ताप आला आहे का, असे विचारण्यासाठी त्यांचे तोंड उघडलेही होते. मग त्यांची नजर नवऱ्याच्या काखेतल्या हेल्मेटाकडे गेली, तिथून आपल्या मांडीवरच्या हेल्मेटाकडे, तिथून वर भोंग्याकडे, आणि तिथून मान वाकडी करून उभ्या असलेल्या अवघ्या डेपोकडे. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"कुठपासून ऐकलंत?"

"बाकावर बसल्याचं सांगितलंस, तिथपासून."

"आणि हे सगळे?"

"तेही तिथपासूनच."

काकूंनी हेल्मेट परत डोक्यावर चढवले आणि काच खाली ओढून घेतली. "आता त्या बसमध्ये चढायची सोय ठेवलीत का तुम्ही," एवढे त्या आतून म्हणाल्या, आणि पिशवी उचलून मोटारसायकलीच्या दिशेने झपाझप चालू लागल्या. मागे मॅनेजर माईकशिवाय नुसत्या तोंडाने गाड्या पुकारत होता आणि त्यातल्या निम्म्या चुकत होता, पण त्या दिवशी कुणी त्याबद्दल तक्रार केली नाही.

गाव मागे पडेपर्यंत कानात नुसता एकमेकांचा श्वास. शेवटी भोंगेसाहेबांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि प्रवाशांचे स्वागत असल्याचे सांगायला सुरुवात केली.

"तेवढं पुरे," काकूंचा आवाज आला. "कृपया एकदा झालं, बास झालं. आता मी बोलते, तुम्ही ऐका."

आणि काकू बोलू लागल्या. आधी थोडे अडखळत, मग सरळ. इतकी वर्षे याच रस्त्यावर त्यांनी या पाठीशी काय काय बोलून ठेवले होते, ते सगळे. ताईंच्या घरामागच्या जागेत दोघींनी मिळून रोपवाटिका काढायचे चालले आहे, आणि काकूंनी त्यासाठी रोपे तयारही केली आहेत. गॅलरीतल्या कुंड्या कशासाठी होत्या असे वाटले तुम्हाला? भोंगेसाहेबांना कुंड्या आहेत एवढेच माहीत होते. मग डावीकडे बघा, त्या म्हणाल्या, ते पिवळे घर. खिडकीत एक म्हातारा बसलेला असतो. मी दर शनिवारी त्याला हात करायचे, तो मला हात करायचा. भोंगेसाहेबांनी बघितले. खरेच एक म्हातारा होता. त्याने हात वर केला आणि गाडीवर मागे काकू दिसल्यावर दोन्ही हात वर केले.

"बसनं जायला लागल्यापासून मी त्याला दिसतच नव्हते," काकू म्हणाल्या. "बस पलीकडच्या रस्त्यानं जाते ना. काय वाटलं असेल त्याला. आम्ही कधी बोललो नाही हो, पण एकदा काय झालं माहितेय..."

भोंगेसाहेब ऐकत होते. या आवाजात इतके चढउतार आहेत, इतक्या गमती आहेत, हे त्यांना ठाऊकच नव्हते. काकू म्हाताऱ्याबद्दल सांगता सांगता ताईंच्या पहिल्या घरमालकिणीकडे वळल्या, तिथून शाळेतल्या एका भांडणाकडे, आणि परत म्हाताऱ्याकडे आल्या. रस्ता अरुंद झाला, झाडी वाढली, आणि एकदम समोर पाणीच पाणी आले. रस्ता संपला होता. ते धरणाच्या भिंतीपाशी येऊन पोहोचले होते.

भोंगेसाहेबांनी गाडी थांबवली आणि डोळे विस्फारून त्या पाण्याकडे पाहिले. आसपासच्या सगळ्या रस्त्यांवरचे थांबे ते झोपेतही ओळीने सांगू शकत होते. हजारो लोकांना त्यांनी बिनचूक वाटेला लावले होते. आणि आज स्वतः चुकले होते.

"अगं, आपण फाटा चुकलो," ते खजील होऊन म्हणाले.

"हो. केव्हाच मागं गेला."

"तुला दिसला होता?"

"दिसला की."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलतच होते," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही ऐकत होतात. फाटा काय, रोज तिथंच असतो. तुमचं ऐकणं थोडंच रोज असतं."

भोंगेसाहेबांनी गाडी वळवली, पण निघायची घाई केली नाही.

"बरं," मग त्यांनी विचारले, "त्या म्हाताऱ्याचं काय म्हणत होतीस? पुढं काय झालं?"